दांडा जंगलात राहिला: स्प्रूसच्या ओंडक्यावरच्या एका झुपक्याची ओळख

कागदी पिशवीसोबत चिठ्ठी होती आणि चिठ्ठीत नाव आधीच लिहिलेलं होतं: क्यूनेरोमायसेस म्यूटॅबिलिस. ही खाण्याजोगी अळंबी, तपकिरी टोपीची, कुजक्या लाकडावर झुपक्यानं येणारी. पाठवणारे गृहस्थ ती बरीच वर्षं वेचतात, खातात, सुकवून ठेवतात. त्यांना खात्री होती, फक्त एक गोष्ट खटकत होती. या वेळचा ओंडका स्प्रूसचा होता, आजूबाजूचं सगळं जंगल सूचिपर्णी होतं, आणि त्यांच्याकडच्या पुस्तकात ही अळंबी बहुतेक करून रुंद पानांच्या झाडांच्या लाकडावर येते असं छापलेलं होतं. म्हणून त्यांनी ती माझ्याकडे पाठवली. ‘एकदा बघून घ्या, म्हणजे मी मोकळा’, इतकंच म्हणणं.

पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सालीच्या तुकड्यासकट उचकटलेला अख्खा झुपका, त्यात लहानमोठ्या २३ अळंब्या. दुसरं म्हणजे कात्रीनं कापलेल्या टोप्यांचा ढीग, स्वयंपाकासाठी घेतलेला. दांडे तिथेच जंगलात सोडलेले. हे त्यांचं एकट्याचं काही वेगळं नाही. या जातीचा दांडा चिवट असतो, शिजवला तरी दोरीसारखा लागतो, त्यामुळे सगळेच फक्त टोप्या कापून घेतात. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या कात्रीपाशी सुरू होते, पण तिथे जरा नंतर येतो.

पहिल्या नजरेत झुपका एकजिनसी दिसत होता. टोप्या दोन ते पाच सेंटीमीटर रुंद, लहान असताना घुमटाकार, पुढे चपट्या होत गेलेल्या, मध्यभागी हलकासा उंचवटा. रंग तांबूस तपकिरी. कल्ले, म्हणजे टोपीखालच्या पात्यांसारख्या पट्ट्या, फिक्या तपकिरीपासून गंजासारख्या तपकिरीपर्यंत, दांड्याला टेकलेले. दांड्याच्या वरच्या भागात पातळ कंकण, काहींवर ते जवळजवळ झिजून गेलेलं. आणि बऱ्याच टोप्यांवर ते दुरंगी चित्र: मधला भाग फिका, कोरडा; कडेला गडद, पाणी प्यायलेला पट्टा; दोन्हींच्या मधली रेघ स्पष्ट.

या दुरंगीपणावर थोडं थांबायला हवं, कारण वेचणारे सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावर टाकतात. काही अळंब्यांच्या टोपीतल्या तंतूंमध्ये मोकळ्या फटी असतात. पाऊस झाला की त्या पाण्यानं भरतात आणि टोपी गडद, किंचित पारदर्शक होते, कडेला तर खालच्या कल्ल्यांच्या रेषाही वरून दिसू लागतात. पाणी सुकलं की फटींत हवा येते आणि तीच टोपी फिकी पडते. क्यूनेरोमायसेसमध्ये हे सुकणं मध्यातून कडेकडे सरकतं, म्हणून मध्ये उजळ आणि कडेला गडद असं चित्र उमटतं. पुस्तकातल्या फोटोंत ते इतकं ठसठशीत असतं की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. अडचण अशी की टोपीनं पाणी धरणं आणि सोडणं हा काही एका जातीचा मक्ता नाही. लाकडावर वाढणाऱ्या कितीतरी तपकिरी अळंब्या असंच करतात आणि वाऱ्या-उन्हाच्या योग्य घडीला त्यांच्यावरही तसलीच रेघ दिसू शकते. दुरंगी टोपी दिसली तर शंकेची दिशा कळते, निकाल नाही.

मी पहिलं काम केलं ते संशयितांची यादी. सूचिपर्णी लाकूड, झुपका, तपकिरी रंग, कंकण: यात कोण कोण बसतं? हायफोलोमा कॅप्नॉइडीस सूचिपर्णी ओंडक्यांवर सर्रास येते, पण तिचे कल्ले धुरकट करडे असतात आणि बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून गळणाऱ्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा जांभळट तपकिरी पडतो. तिची विषारी बहीण हायफोलोमा फॅसिक्युलारे. कल्ले गंधकासारखे हिरवट पिवळे, चव कडू. दोघीही बाद. आर्मिलारियाचा ठसा पांढरा, तीही बाद. जिम्नोपिलस पेनेट्रान्स स्प्रूस-पाइनच्या लाकडावर भरपूर दिसते, ठसा भडक गंजासारखा, पण तिला धड कंकण नसतं. हे सगळं दहा मिनिटांत संपलं. उरल्या तीन: चिठ्ठीतली क्यूनेरोमायसेस म्यूटॅबिलिस, तिचीच नातेवाईक क्यूनेरोमायसेस लिग्निकोला आणि गॅलेरिना मार्जिनाटा.

तिसरं नाव यादीत आलं की काम गंमतीचं राहत नाही. गॅलेरिना मार्जिनाटामध्ये ॲमॅटॉक्सिन असतात, म्हणजे जगातल्या बहुतेक प्राणघातक अळंबी-विषबाधांना जबाबदार असलेल्या ॲमानिटा फॅलॉइडीसमध्ये असतात तीच विषं. शिजवून, उकळून, सुकवून ती नष्ट होत नाहीत. त्यांतलं मुख्य अल्फा-ॲमॅनिटिन पेशीतल्या आरएनए पॉलिमरेज २ या एन्झाइमला अडवतं. त्यामुळे पेशीला नवी प्रथिनं बनवण्यासाठी लागणारा निरोपच तयार होत नाही आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. खाल्ल्यावर सहसा ६ ते २४ तास काहीच जाणवत नाही. मग जोरदार उलट्या-जुलाब होतात, ते ओसरतात, रोग्याला वाटतं बरं झालं. आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत यकृत कोसळतं. त्या मधल्या बऱ्या वाटण्यानं कित्येक माणसं दवाखान्यात उशिरा पोचली आहेत. शंका आली त्या क्षणी, लक्षणांची वाट न पाहता, उरलेली अळंबी सोबत घेऊन दवाखाना गाठायचा असतो. या प्रकरणात सुदैवानं या वेचणीतलं अजून कोणी काही खाल्लं नव्हतं. मी पहिल्याच फोनवर तेवढं विचारून घेतलं.

ओंडका कुणाच्या बाजूनं साक्ष देतो?

गृहस्थांना जो मुद्दा खटकला होता, तो त्यांनी विचारला हे चांगलं केलं, पण त्याच्यावर निकाल टेकवण्यासारखा तो नाही. रुंद पानांच्या लाकडावर क्यूनेरोमायसेस आणि सूचिपर्णीवर गॅलेरिना, असं सूत्र अनेकांच्या डोक्यात असतं. कल म्हणून ते बरोबर आहे. नियम म्हणून दोन्ही बाजूंनी फसतं: क्यूनेरोमायसेस म्यूटॅबिलिस स्प्रूसवरही येते आणि गॅलेरिना मार्जिनाटा बीच, बर्च अशा रुंद पानांच्या झाडांच्या लाकडावरही सापडते. शिवाय शेवाळानं मढलेला, साल गेलेला, पाचसहा वर्षं कुजलेला ओंडका नेमका कोणत्या झाडाचा हे ओळखणं हीच एक वेगळी परीक्षा असते.

या गोंधळात जुन्या नावांनीही भर घातली आहे. गॅलेरिना मार्जिनाटाचं पहिलं वर्णन ऑगस्ट बाच यांनी १७८९ मध्ये केलं, तेव्हा नाव होतं अगॅरिकस मार्जिनाटस. पुढे १९३५ मध्ये रोबेर क्यूनेर यांनी तिला गॅलेरिनात आणलं. दरम्यान आणि नंतरही तिच्यासारख्या दिसणाऱ्या अळंब्यांना वेगवेगळी नावं मिळत गेली: ऑटम्नालिस, युनिकलर, व्हेनेनाटा, ओरेगोनेन्सिस. कुणाची टोपी चिकट, कुणाची नाही. कुणी सूचिपर्णीवर, कुणी नाही. असे फरक धरून जाती पाडलेल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानं या सगळ्या एकाच जातीत बसतात असं दाखवलं. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. जुन्या पुस्तकात एखाद्या नावापुढे छापलेला ‘शरद ऋतूत, सूचिपर्णी लाकडावर’ हा तपशील वाचून, आपल्या हातातली अळंबी तशी नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. एकच जात चिकटही असते, कोरडीही असते, वसंतातही येते, शरदातही.

(एक जाता जाता. ज्या क्यूनेर यांनी गॅलेरिनाला तिचं आजचं नाव दिलं, त्यांच्याच सन्मानार्थ १९४६ मध्ये सिंगर आणि स्मिथ यांनी क्यूनेरोमायसेस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, उभी केली. एकमेकींशी सतत गल्लत होणाऱ्या दोन अळंब्यांवर एकाच माणसाचा शिक्का.)

दांड्यांची वाटणी

मग मी झुपका मोडला. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण ओळखीच्या कामात लोक ते टाळतात. झुपका छान दिसतो, फोटो अख्ख्याचा काढला जातो, नाव अख्ख्याला दिलं जातं. वास्तविक झुपका ही नुसती जागा आहे. त्या जागेवर लाकडाच्या आत कोणाचे तंतू पसरलेत ते वरून दिसत नाही. कुजलेल्या एका ओंडक्यात अनेक कवकं शेजारीशेजारी नांदतात आणि सालीच्या एकाच भेगेतून बोटभर अंतरावर दोन वेगळ्या जाती वर येऊ शकतात. म्हणून एकेक अळंबी बुडापासून सोडवून पांढऱ्या कागदावर आडवी मांडली, प्रत्येकीला आकडा दिला आणि दहापट भिंगातून कंकणाच्या खालचा दांडा पाहत गेलो.

इथे फरक दिसायला लागला. क्यूनेरोमायसेस म्यूटॅबिलिसच्या दांड्यावर कंकणाच्या वर गुळगुळीत फिका भाग असतो आणि खाली गडद तपकिरी, बाहेर वळलेले बारीक खवले असतात. बोटाच्या टोकाला ते किंचित खरखरीत लागतात. गॅलेरिनाच्या दांड्यावर असे खवले नसतात. तिथे उभे, रुपेरी पांढरट तंतू चिकटलेले दिसतात, जणू कोणी दांड्यावरून ओला कापूस फिरवला आहे, आणि बुडाकडून दांडा काळपट तपकिरी होत जातो. २३ पैकी १४ दांड्यांवर खवले स्वच्छ होते. सहा दांड्यांवर फक्त रुपेरी तंतू. तिघींबद्दल भिंगातून काही ठरेना: एकीचा दांडा म्हाताऱ्या अळंबीचा होता, पावसानं झोडपून गुळगुळीत झालेला, दुसरीवर खवल्यांसारखं काहीतरी होतं, पण ते सालीची माती असण्याची शक्यता वाटत होती, तिसरी अगदी लहान, टोपीखालचा पडदाही अजून फाटला नव्हता.

टोप्यांकडे मी या वेळी मुद्दाम पाहत नव्हतो. वाटणी झाल्यावर पाहिल्या. खवलेवाल्या चौदांपैकी नऊ टोप्या दुरंगी होत्या. रुपेरी सहांपैकी दोन. त्या दोनांपैकी एक टोपी इतकी नमुनेदार होती की गृहस्थांनी पाठवलेल्या फोटोंत सगळ्यात पुढे तीच होती.

वासाबद्दलही लिहून ठेवलं आहे, कारण पुस्तकं तो सांगतात. गॅलेरिना चुरडली की पिठासारखा वास येतो असं म्हणतात. सहापैकी तीन-चार वेळा मला तो आला, पण तोवर मला काय शोधायचंय ते ठाऊक होतं, आणि नाक सूचनेला फार लवकर बळी पडतं. त्याला मी वजन दिलं नाही. चव घेण्याचा प्रश्नच नव्हता. तुकडा चावून थुंकण्याची पद्धत काही प्रजातींमध्ये उपयोगी असते. जिथे संशयितांत ॲमॅटॉक्सिनवाली आहे तिथे चव काहीही नवं सांगत नाही.

मग निकाल लागला का? लागला असं म्हणायचा मोह होतो. पण यादीतली मधली, क्यूनेरोमायसेस लिग्निकोला, विसरून चालत नाही. तिच्या दांड्यावर असे ठसठशीत खवले नसतात आणि ती बहुतेक करून सूचिपर्णी लाकडावर येते. तिचा मोसम मुख्यतः वसंताचा आणि ही वेचणी वसंतातली नव्हती, त्यामुळे ती असण्याची शक्यता कमी. पण गुळगुळीत दांडा म्हणजे गॅलेरिनाच, असं म्हणायची वाट ती बंद करते. खवले नाहीत म्हणून ही विषारी, हे तर्कट सावधगिरी म्हणून उत्तम आहे, ओळख म्हणून अपुरं.

मायक्रोस्कोपखाली

रात्रभर बीजाणूंचे ठसे घ्यायला ठेवले, प्रत्येक अळंबीचा स्वतंत्र काचेवर. सकाळी सगळे तपकिरी. खवलेवालींचे जरा पिवळसरपणाकडे झुकणारे, रुपेरीवालींचे जरा गंजाकडे. शेजारी ठेवून पाहिले तर फरक आहे असं वाटतं, एकटा ठसा हातात दिला तर मी पैज लावणार नाही. हायफोलोमा आणि आर्मिलारियाला आधीच बाद केलं होतं त्याला ठशानं दुजोरा दिला, याहून जास्त त्याच्याकडून अपेक्षा नव्हती.

काचेवर घ्यायच्या नमुन्याची एक खबरदारी इथे महत्त्वाची ठरली. झुपक्यात टोप्या एकीवर एक असतात. वरच्या टोपीचे बीजाणू खालच्या टोपीवर पडून तपकिरी भुकटी साचते. खालच्या टोपीच्या पृष्ठावरून किंवा कंकणावरून बीजाणू घेतले तर ते शेजारणीचे असू शकतात, आणि झुपकाच मिश्र असेल तर सगळा निकाल उलटा होईल. म्हणून प्रत्येक टोपी मधून चिरली, आतल्या कल्ल्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्यानं उचलला, तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला, वरून कव्हरस्लिप आणि रबराच्या टोकानं हलकासा दाब. तेल लावून हजारपट.

पहिली खवलेवाली. बीजाणू लहान, लंबगोल, भिंत गुळगुळीत, रंग मधासारखा. एका टोकाला भिंत एकदम पातळ होते आणि टोक कापल्यासारखं सपाट दिसतं. हे अंकुरछिद्र, बीजाणू रुजताना तंतू इथून बाहेर पडतो. तीस बीजाणू मोजले: लांबी ६ ते ७.५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रुंदी ४ ते ५. कल्ल्याच्या कडेला अरुंद मानेच्या पेशी दिसल्या, कल्ल्याच्या सपाट बाजूवर काही नाही. अगदी पुस्तकात असावी तशी क्यूनेरोमायसेस म्यूटॅबिलिस.

पहिली रुपेरी. काच सरकवली आणि फोकस करतानाच चित्र वेगळं होतं. बीजाणू मोठे, ८.५ ते १० मायक्रॉन लांब, ५ ते ६ रुंद, बदामाच्या आकाराकडे झुकणारे. कोणत्याही टोकाला छिद्र नाही. भिंत खडबडीत, फोकस वर-खाली केला की पृष्ठभागावरचे बारीक चामखिळीसारखे उंचवटे उमटतात आणि विरतात. आणि बीजाणू जिथे देठाला चिकटलेला असतो त्या टोकाजवळ, एका बाजूला, हे उंचवटे एकदम थांबतात. तिथे गुळगुळीत, किंचित खोलगट, बशीसारखा डाग असतो. बीजाणू आडवा पडला असेल तर हा डाग कडेला सपाटी म्हणून दिसतो, समोर आला तर फिक्या खिडकीसारखा. तो प्रत्येक बीजाणूत दिसत नाही, कारण कोन जुळावा लागतो. कव्हरस्लिपला सुईच्या टोकानं हलकं ढोसलं की बीजाणू लोळतात आणि मग एखादा बरोबर कुशीवर येतो. एकदा तो दिसला की क्यूनेरोमायसेसच्या दोन्ही जाती यादीतून जातात. त्यांचे बीजाणू गुळगुळीत आणि छिद्रवाले. ही खडबडीत, डागवाली, बिनछिद्राची. शिवाय या अळंबीच्या कल्ल्याच्या सपाट बाजूवरही फुगीर बुडाच्या, लांब मानेच्या पेशी उभ्या होत्या, ज्या पहिलीत नव्हत्या. गॅलेरिना मार्जिनाटा.

मग सगळ्यांची रांग लावली. चौदाच्या चौदा खवलेवाल्या क्यूनेरोमायसेस निघाल्या, सहाच्या सहा रुपेरी गॅलेरिना. म्हणजे दांडा सलग वीस वेळा खरं बोलला, हे मान्य करायलाच हवं. मोसम वसंताचा असता तर कदाचित इतका सरळ हिशेब झाला नसता. भिंगातून न ठरलेल्या तिघींपैकी पावसानं झोडपलेली म्हातारी क्यूनेरोमायसेस होती. खवले झडून गेले होते. मातीचे खवले लावलेली गॅलेरिना होती. हा त्या सर्वांतला सर्वांत वाईट प्रकार, कारण इथे दांडा पाहूनही माणूस फसला असता: भिंगाखाली ओल्या ब्रशनं पुसल्यावर ते ‘खवले’ निघून आले आणि खालून रुपेरी तंतू दिसले. लहानगीत पिकलेले बीजाणू नव्हतेच. कल्ल्याच्या बाजूवर लांब मानेच्या काही पेशी होत्या, त्यामुळे कल गॅलेरिनाकडे. नोंदीत ‘बहुधा गॅलेरिना’ असंच लिहिलं आहे. कापलेल्या बाळाला पिकवता येत नाही.

वर्तमानपत्राची चाचणी

मध्येच गृहस्थांनी विचारलं, ‘ती वर्तमानपत्रावरची चाचणी करून टाकूया का? मायक्रोस्कोपची एवढी खटपट कशाला?’

ही माइक्सनरची चाचणी. अळंबीचा रस स्वस्तातल्या, लिग्निन (लाकडातला एक घटक) असलेल्या छपाईच्या कागदावर दाबायचा, पेन्सिलीनं गोल करायचा, उष्णता न देता सुकवायचं आणि वर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकायचा. ॲमॅटॉक्सिन असेल तर ॲसिडच्या मदतीनं त्याची लिग्निनशी क्रिया होते आणि काही मिनिटांत निळा रंग येतो. रसायन खरं आहे. पण याच रीतीनं निळं करणारी दुसरीही संयुगं अळंब्यांत असतात, सिलोसिन हे त्यातलं एक; कागद उन्हात किंवा गरम जागी सुकवला तरी खोटा निळा उमटतो; आणि विषाचं प्रमाण कमी असेल तर काहीच उमटत नाही. शेवटचा मुद्दा मला पुरेसा आहे. ज्या चाचणीचं ‘नाही’ हे ‘नाही’ असेलच असं नाही, तिच्यावर ताट वाढायचं नसतं. संशोधकाला एखादा नमुना पुढे तपासायचा की नाही हे ठरवायला ती ठीक. शिवाय तीव्र ॲसिड घरात हाताळण्याची गोष्ट नाही. मी केली नाही.

डीएनएचं विचाराल तर या दोघींना वेगळं करायला त्याची गरजही नाही. दोघी वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत, गॅलेरिना हायमेनोगॅस्ट्रेसीत, क्यूनेरोमायसेस स्ट्रोफॅरिएसीत. पण कोणी डीएनएच्या क्रमनिर्धारणाला नमुना पाठवणारच असेल तर तो एका अळंबीचा पाठवावा. झुपक्यातला ‘एक चांगला तुकडा’ पाठवला आणि उत्तर क्यूनेरोमायसेस आलं, तर त्या उत्तरानं बाकीच्या बावीस जणींबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

कापलेल्या टोप्या

आता कात्रीकडे. पिशवीतल्या ढिगात ऐंशीच्या आसपास टोप्या होत्या. दांडे नव्हते, म्हणजे जंगलात उभं राहून या दोघींना वेगळं करणारी जी एक उपयोगी खूण होती तीच मागे राहिली होती. उरलेल्या खुणा, म्हणजे टोपीचा रंग, दुरंगीपणा, आकार, कल्ल्यांची छटा, या सगळ्या दोन्ही जातींत एकमेकींत मिसळणाऱ्या. ढिगातून मी दहा टोप्या काढल्या, मुद्दाम अशा ज्या मला सर्वांत ‘बरोबर’ वाटत होत्या: ठसठशीत दुरंगी, मोठ्या, ताज्या. आठ क्यूनेरोमायसेस. दोन गॅलेरिना.

गृहस्थांचा पहिला प्रतिसाद मला अपेक्षित होता. ‘इतकी वर्षं खातोय, कधी काही झालं नाही.’ ते खोटं बोलत नव्हते. आधीच्या वेचण्या शुद्ध असतील, किंवा एखादी-दुसरी गॅलेरिना आली असेल आणि मात्रा कमी पडली असेल. पण त्या वेचण्यांचे दांडेही जंगलातच राहिले होते, त्यामुळे त्यांच्यात काय होतं हे आता कोणीच सांगू शकत नाही. न झालेल्या विषबाधेवरून अळंबीचं नाव ठरत नाही.

त्यांनी वाद घातला नाही, मात्र एक व्यावहारिक सूचना केली: पुढे दांड्यासकट उचलायचं, प्रत्येक दांडा पाहायचा, खवलेवाल्या ठेवायच्या. मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. कागदावर ही पद्धत बरोबर आहे, आणि ओळखीचा सराव म्हणून प्रत्येकानं करावी. पण खाण्यासाठी तिचा अर्थ असा होतो की शंभर अळंब्यांपैकी शंभरदा, थंडीत, कमी उजेडात, ओल्या हातांनी, मातीचे खवले आणि खरे खवले यांतला फरक न चुकता ओळखायचा. भिंगाखाली, टेबलावर, मलाही एका दांड्यावर ब्रश फिरवावा लागला. सूचिपर्णी जंगलातली ही अळंबी मी स्वतः खाण्यासाठी घेत नाही. कुणी माझ्याहून धीट असेल तर तो त्याचा प्रश्न. माझ्याकडून दुजोरा मिळणार नाही.

नोंद करताना झुपक्याचे दोन वेगळे नमुने झाले. दोन लिफाफे, दोन क्रमांक, दोन नावं, एकच जागा आणि एकच तारीख. दोन्ही नोंदींत एकमेकींचा उल्लेख, म्हणजे पुढे कोणी हा संग्रह उघडला तर ‘एकाच सालीवरून’ ही माहिती हरवणार नाही. लहानगीचा तिसरा छोटा लिफाफा. गृहस्थांच्या फोटोवरची चिठ्ठीही बदलली. समोरच्या त्या नमुनेदार टोपीखाली आता गॅलेरिना मार्जिनाटा लिहिलेलं आहे.

शेवटचा प्रश्न त्यांच्या फडताळातल्या बरणीचा होता. मागच्या मोसमातल्या सुकवलेल्या टोप्या, अर्धी बरणी, त्यातल्या काही याच ओंडक्यावरच्या. ‘एकेकीचा कल्ला तपासून चांगल्या तेवढ्या वेगळ्या काढता येतील ना?’ बीजाणू सुकूनही ओळखता येतात, तेव्हा तत्त्वतः हो. पण त्यांनी बरणी आणली तेव्हा टोप्या अख्ख्या नव्हत्या. चुरा झालेला, तुकडे एकमेकांवर घासलेले, आणि तळाशी तपकिरी भुकटीचा थर, जो हलवल्यावर प्रत्येक तुकड्यावर बसत होता. एका तुकड्यावरून घेतलेला बीजाणू कुणाचा, हे सांगायला कल्ल्याच्या आतला, अजून पेशीला चिकटलेला बीजाणू शोधावा लागला असता, प्रत्येक तुकड्यात, शेकडो वेळा. मी तळाची भुकटी एका काचेवर घेतली आणि त्यांना मायक्रोस्कोपमधून पाहायला दिली. लहान गुळगुळीत बीजाणूंच्या गर्दीत मोठे, खडबडीत बीजाणू अधूनमधून पडलेले होते. कुशीवर वळलेला एक त्यांनीच शोधला आणि त्यावरचा डाग बोटानं हवेत काढून दाखवला. बरणी त्यांनी माझ्याकडेच ठेवली, लेबल लावून, टाकून देण्यासाठी.